हीट नंबर ३१७

लिंझहून खोकं आलं. आत थर्माकोल,
थर्माकोलात आमचंच ब्रॅकेट, मधोमध कापलेलं.
कापलेल्या तोंडावर वाटाण्याएवढं भोक
आणि भोवती लाल मार्करचा गोल.
सोबत एक कागद. त्यावर पाच वेळा एकच प्रश्न:
का?
उत्तराला दीड दीड ओळ जागा.

भोक का पडलं? वाफ अडकली. लिहिलं.
वाफ का झाली? वाळू ओली होती. लिहिलं.
ओली वाळू कुणाला कळली का नाही?
वाळू तपासणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता.

इथं पेन थांबलं.

वाळू मी तपासतो.

त्या दिवशी बंद होता. दहाला आमचा मोर्चा, चारला त्यांचा,
बिंदू चौक तोच, पोलिसांनी तास वाटून दिलेले
नळाच्या पाण्यासारखे.
आमचे दोन वाजले तरी हलेनात, त्यांचे तीनलाच आले.
माझ्या गळ्यात रुमाल होता, दुसऱ्या कुणाचा तरी.
आवाज माझाच होता.
एवढा ओरडलो की रात्री बायकोनं हळदीचं दूध दिलं
आणि काही विचारलं नाही.

पंचगंगेच्या पुलावर बॅरिकेड. दिवसपाळी शिरोलीला पोचलीच नाही.
रातपाळी तिथंच अडकली,
दस्तगीर शिकलगार आणि तातोबा चौगुले.
भट्टी कुणाच्या बंदला बंद होत नसते.
आत चौदाशे डिग्रीवर दीड टन लोखंड,
आतच गोठलं तर भट्टीचंच थडगं.
म्हणून ते ओतत राहिले. बावीस तास.
दस्तगीरच्या भावाचं पंक्चरचं दुकान फोडलं
हे तातोबाला आधी कळलं. नेट बंद होतं,
तरी असलं कळतं.
शेवटचा साचा भरेपर्यंत त्यानं सांगितलं नाही.
मग दोघं लॅडलजवळ उकिडवे बसले.
एवढंच मला माहीत आहे,
मी तिथं नव्हतो.

मस्कतला मात्र नेट चालू होतं.
तातोबाचा भाचा, दस्तगीरचा धाकटा, एकच खोली,
एकाच ठेकेदाराकडं एसीचे पाइप जोडतात.
त्यांनी आमचा चौक बघितला तळहातावर.
मीही असेन त्यात, पाठमोरा.
दुसऱ्या दिवशी खोलीत दोन शेगड्या झाल्या.
घरनं आलेल्या चटणीची बरणी एकच होती,
तिचं काय झालं
ते तातोबा अजून सांगत नाही.

आणि लिंझला कुणी एक बाई,
सही वाचता येत नाही,
तिची ट्रॅक्टरची लाइन अकरा दिवस उभी.
तिला बिंदू चौक ठाऊक नाही.
तिनं समासात लिहिलंय: कृपया थोडक्यात.

दुपारी दस्तगीर आला ऑफिसात.
भोकात करंगळी घालून बघितली.
"वाफेचं हाय. आतनं कसं गुळगुळीत असतंय बगा,
चकाकतंय. खडबडीत असतं तर रोग येगळा."
मग कागदाकडं बोट. "काय लिवलंसा?"
चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं, वाहतूक बंद.
तेच वाचून दाखवलं.

त्यानं मान हलवली. जरा वेळानं म्हणाला,
"त्यो बिहारचा पोरगा चालत आलावता की.
नदीकाठानं."

अर्धं ब्रॅकेट उचललं, जाताना
भंगाराच्या बादलीत टाकलं, पुढच्या हीटसाठी.
दुसरं अर्धं माझ्या टेबलावर आहे.
कागद उद्या पाचपर्यंत पाठवायचाय.
त्यांचे पाच,
म्हणजे आपले साडेआठ.