दहा सेकंद

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
सिबूच्या या दवाखान्यात, राजांगच्या धक्क्यापासून तिसऱ्या गल्लीत,
दिवसभर तेच विचारणं चालतं:
मूळ कुठं संपतं, किती वाकतं, अजून दुखतं का.

सांग्गाऊ सकाळच्या बोटीनं आलाय.
खुर्चीत आडवा, चपला काढून पोटावर धरलेल्या.
डावीकडची खालची दाढ. तीन रात्री झोप नाही.

पडदा लावण्याआधी त्यानं डबी पाहिली होती,
उदबत्तीच्या टोकाएवढ्या गुलाबी काड्या.
काय हे?
झाडाचा चीक, डॉक्टर तिओंग म्हणाली.
त्यानं एक काडी नाकाशी नेली.
वास नव्हता कसलाच.

आमचा अकी हाच चीक काढायचा, तो म्हणाला.
अख्खं झाड आडवं पाडायचं,
बुंध्याला हात-हातभर अंतरावर कडी कोरायची.
एवढ्या थोरल्या झाडातून निघायचं किती?
चार मुठी.
गरम पाण्यात मळून गोळे करायचे, चिनी दुकानात द्यायचे.
गोऱ्यांनी ते तारांना गुंडाळलं, तारा समुद्रात सोडल्या.
अकी म्हणायचा, आमचं रान
कुणीतरी पाण्याखाली नेऊन पुरलंय.

डॉक्टर तिओंगला सांगता आलं असतं
की यात पाचातला एकच वाटा चीक, बाकी जस्ताची भुकटी,
आणि डबीवर कोरियाचा पत्ता आहे.
तिच्या पणजोबांचं दुकान होतं सोंगला.
तेही सांगता आलं असतं.
ती म्हणाली, तोंड उघडा.

आता निळ्या रबरातून एकटी दाढ वर आलेली,
पुरात एकच छप्पर उरावं तशी.
कागदाची काडी ओली निघाली. दुसरी दमट.
तिसरी कोरडी.
मग गुलाबी काडी तळापर्यंत.
मग तापलेलं टोक, दोनशे अंश,
तीन सेकंदांत आत, बारीकसा धूर,
चीक मऊ होतो, वाट फुटेल तिकडं शिरतो.

बटण सोडलं. उष्णता बंद.
हात मात्र तिथंच, दाबून.
एक. दोन.
निवताना ते आक्रसतं, कडेला फट सोडतं,
आणि फटीत पुन्हा सगळं सुरू होतं.
पाच. सहा.
पेनांगला शिकवणारे म्हातारे सर हातावर पट्टी मारायचे:
तापवायला काय, चुलीलाही येतं.
निवेपर्यंत कोण थांबतं ते बघू.
नऊ.
सांग्गाऊ छताकडे बघत गिळतो.
दहा.

पडद्यावर फोटो आला.
दाढेच्या काळ्या मुळात पांढरी रेघ,
आणि मध्यावरून उजवीकडे एक केसाएवढा फाटा,
जो आधीच्या फोटोत नव्हताच.
तोही भरलाय.
डॉक्टर तिओंग पहिल्यांदा हसली.

बधिर ओठानं सांग्गाऊ काही म्हणाला,
तिला कळलं नाही.
त्यानं बोट टेकवलं काचेवर, फाट्यावर:
कातिबास. ही कातिबास.
मग बोट जरा पुढं, जिथं नुसतं हाड होतं:
माझं घर.

दोन दिवस त्या बाजूनं चावू नका, ती म्हणाली.
त्यानं चपला घातल्या.
अडीचची बोट निघायला वीस मिनिटं होती.