चार वाजताची चूल

पहाटे चारला मी त्यांच्या झोपेत शिरते.
परवानगी आधीच घेतलेली असते,
नावनोंदणीच्या कागदावर एक चौकोन असतो:
पहाटे चूल पेटवून हवी का?
सगळेच बरोबरची खूण करतात.
सोंग-कोल तीन हजार मीटरवर आहे,
इथे जुलैतही बादलीतल्या पाण्यावर
बर्फाची साय धरते.

नऊ तंबू आहेत आमचे. लोकरीच्या नमद्याचे, गोल.
आजोबांच्या वेळी एकच होता,
त्याचं माथ्यावरचं लाकडी कडं, तुंदुक,
आता सात नंबरला लावलंय,
आणि त्याखाली तांब्याचा बाथटब.
तिलेक-बाइके म्हणतात, शेणी जाळायच्या नाहीत,
पाहुण्यांच्या स्वेटरला वास लागतो.
म्हणून एक झाड नसलेल्या या पठारावर
नारीनहून ट्रकनं बर्चची लाकडं येतात,
घाटात दोनदा इंजिन तापवून.

मी बूट बाहेर काढते.
विजेरी दातांत धरते.
चुलीच्या दाराच्या बिजागरीला लोणी लावलंय मी,
ती आता कुरकुरत नाही.

दिवसा ही माणसं केवढी असतात!
घोड्यावरून खिंड ओलांडतात,
कड्यावरून छत्री बांधून उडी टाकतात,
टोपीवरच्या कॅमेऱ्याशी बोलत राहतात.
चार वाजता
तीन नंबरचे बँकवाले साहेब मूठ तोंडाशी धरून असतात.
पाच नंबरचं जोडपं पाठीला पाठ लावून,
भांडलेलं असावं,
पण पायांचे अंगठे एकमेकांत.
सोलहून आलेल्या काकू झोपेत कुणाला तरी झापतात,
मग समजूत काढतात.
शब्द कळत नाहीत मला, सूर कळतो.

सात नंबरला वाउटर म्हणून एक आजोबा होते.
आरक्षण दोघांचं, आले एकटे.
दुसऱ्या पलंगाची चादर मी रोज बदलायची,
न चुरगळलेली.
ओढा ओलांडताना घोड्यावरून पडले, तरी हसत परत आले,
गुडघ्यावर भाकरीएवढी काळीनिळी जखम.
चौथ्या पहाटे ते जागे होते.
मी काडी ओढणार तेवढ्यात
मोडक्या रशियनमध्ये म्हणाले,
थांब जरा. थंडी कशी असते ते बघू दे.

मी तिपाईवर बसले.
तुंदुकमधून आभाळाचा एक घोट दिसत होता.
त्यांचा श्वास दिसत होता, माझाही,
दोन बारके धूर, चुलीशिवायचे.
ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.
वीस मिनिटं असतील. किंवा जास्त.
मग म्हणाले, हं, पेटव.

आठ आणि नऊ नंबरला त्या दिवशी उशीर झाला.
तक्रार गेली.
तिलेक-बाइकेंनी दोनशे सोम कापले,
आणि कारण विचारलं तेव्हा
लाकडं ओली होती, असं मी सांगितलं.

सप्टेंबर सरताना छावणी उतरवतो आम्ही.
बाथटब सगळ्यात शेवटी, चौघांनी धरून.
आदल्या रात्री मी सात नंबरला झोपले,
कुणाला न विचारता,
पोलंडच्या गादीवर, आडवी, हातपाय पसरून.
म्हटलं, बघू तरी,
तीनशे डॉलरांची झोप कशी लागते.

चारला जाग आली. दुसरं काय होणार?
नाक गार. चूल गार.
डोळे मिटून पडून राहिले,
कुणीतरी येईल, दाराचा नमदा उचलेल,
मोज्यांचा आवाजही न करता.
बाहेर आईची पावलं आली,
घोडीपाशी थांबली, दूर गेली.

मग मीच उठले.
विजेरी दातांत धरली.
आणि इतकी हळू पेटवली चूल,
की माझी झोप मोडू नये.