देठ

पासानौरीत खिंकाली हातानं खातात.
कळ्यांखालचा रस आधी ओढायचा, मग मांस,
आणि वरचा पिठाचा देठ ताटातच ठेवायचा,
म्हणजे मागाहून मोजता येतं
कोणी किती रिचवल्या.

नुगझारच्या ताटात एकेकाळी तेवीस देठ.
आता दुसरीलाच पोट दार लावून घेतं,
आतून कडी.
मग तडस, बरगड्यांच्या बेचक्यात निखारा,
येता येता परत फिरणारी ढेकर.

तिबिलिसीच्या डॉक्टरणीनं नळी घालून पाहिली:
व्रण नाही, गाठ नाही, काही नाही.
हे काही नाही
रोज जेवणानंतर दुखतं.

आज मेव्हण्याकडे पंगत.
ग्लास उंचावून तो बोलतच राहतो,
गेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी,
काळ्या-पांढऱ्या अराग्वीच्या संगमासाठी.
बोलताना गिळावं लागत नाही.

लामारा शेजारी. डोळे त्याच्या भाषणावर,
आणि तिच्या ताटातले देठ
त्याच्या ताटात.
चार. सात.

"म्हाताऱ्यात दम आहे अजून!" मेव्हणा ओरडतो,
वाफाळतं दुसरं ताट आणवतो.

लामारा एक उचलते.
दुसऱ्या हातानं, टेबलाखाली,
स्कर्टाचं बटण सोडते.