सहावी जागा

तोमोनारी परीक्षेच्या अभ्यासाला सेंदाईला गेला
तेव्हा खेळ माझ्या हातात देऊन गेला,
सोबत एक चिठ्ठी:
आई, गवतात चालत राहायचं.
समोर काही आलं की वरचं बटण.
फार विचार करू नकोस.
मार्चअखेर सगळे पन्नासच्या वर हवेत.

विचार न करण्याचं काम मला येतं.
हाचिनोहेच्या धक्क्यामागे, माकुलाच्या कारखान्यात
एकोणीस वर्षं तेच करते:
तीनशे ग्रॅमच्या वरचं डाव्या टबात,
खालचं उजव्या,
फाटलेलं पायाशी.

दुपारच्या सुट्टीत हातमोजे काढून
मी गवतात चालू लागले.
"ओइकावा-सान, या वयात?" चिएको म्हणाली.
उंदीर आला, बटण.
वटवाघूळ, बटण.
उंदीर. उंदीर. पुन्हा उंदीर.
तेच ते दळण,
फक्त पीठ कुठे दिसत नाही,
कोपऱ्यातला आकडा तेवढा फुगतो.

पाच जण त्याने पारखून ठेवलेले,
शिंगं, पंख, पोलादी पाठ,
सगळे तालमीतून नुकतेच आल्यासारखे.
मी त्यांना हुकूम द्यायचे, ते पाळायचे.
आमचं एकमेकांशी काही वाकडं नव्हतं,
आणि सरळही.

सहाव्या जागेवर अंडं होतं.
चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं:
फुटलं की आधी वेग बघ.
तीसच्या खाली असेल तर सोडून दे,
पुढचं अंडं घे.

ते फुटलं एका मंगळवारी, बसथांब्यावर,
पडद्यावर बर्फाचे कण विरघळत असताना.
आतून निघाली गोगलगायीसारखी काहीतरी,
एक शिंग आखूड.
वेग: चार.

रात्री फोनवर मी म्हणाले,
अजून फुटलं नाही रे.

खेळाने नाव विचारलं. मी लिहिलं, नोरोमा.
आमच्याकडे मंद माणसाला म्हणतात.
कारखान्यात पहिल्या वर्षी
मुकादम मला याच नावाने हाक मारायचा.

नोरोमा माझ्यामागून चाले.
मी थांबले की ती आणखी दोन पावलं चालून थांबे,
जणू थांबल्याची बातमी
तिला टपालाने मिळते.
उंदीर तिला सहज लोळवायचे.
तोमोनारीने साठवलेल्या नाण्यांतून
मी तिच्यासाठी औषधं घेतली. बरीच घेतली.
फेब्रुवारीत तिने पहिला उंदीर हरवला
आणि मी जेवणाच्या खोलीत एवढ्याने ओरडले
की चिएकोचा चहा सांडला.

जीव लावला म्हणावं, तर मी बटणच दाबत होते,
हजारदा, तेच बटण.
घासलं म्हणावं, तर तिच्या आखूड शिंगाचा
मला मध्येच विसर का पडत नव्हता?
डावा टब, उजवा टब:
एकोणीस वर्षांच्या हाताला
हे एवढं निवडता आलं नाही.

मार्चअखेर तो आला. बूट न काढता
दारातच खेळ उघडला.
पाच जण अडतीसवर.
नोरोमा बासष्टवर.

"आई, ही कशाच्याच कामाची नाही."
"माहीत आहे."
"वेग चार आहे हिचा!"
"वाचता येतं मला."
मग त्याने कुठलं तरी पान उघडलं
जिथे सोबत चाललेली पावलं मोजलेली असतात,
आणि बराच वेळ तो आकडा बघत राहिला.
"एवढं तर मीही कधी घासलं नाही," म्हणाला,
रागाने की कशाने, कळलं नाही.
नंतर त्याने तिला खोक्यात ठेवलं.

"खोक्यात काय करतात ते?"
"काही नाही. असतात."

मे महिन्यात सेंदाईहून फोन आला.
स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरला होता.
कसा, कुणाकडून, सगळं सांगितलं,
पाच जणांची नावं घेतली.
"आणि सहाव्या जागेवर?" मी विचारलं.

पलीकडे ट्राम नाही, वारा नाही, काहीच नाही.
मग दोन पावलं उशिराने
त्याचा आवाज येऊन थांबला:
"तू जेवलीस का?"