फायनल-फायनल-२

गुरुवारी हडपसरची लाइट गेली,
आणि आली ती जास्तच जोरात आली.
शाखेचा राउटर जळाला. गोदामातून नवा काढला,
नाव विचारलं तर म्हणाला, राउटर.
जसं एखाद्यानं सांगावं, माझं नाव माणूस.

मगरपट्ट्याच्या पुलावर अडकले तेव्हा
डिकीत निळी कन्सोल केबल, पेनड्राइव्ह,
आणि त्यात थोपटेंची फाइल:
हडपसर-फायनल-फायनल-२. तीन वर्षांपूर्वीची.
त्यानंतर जे बदललं ते मी चालवलं,
उतरवून ठेवलं नाही.
गोडांबे मॅडमना हे सांगितलं नाही.

टोकन चौदा. पेन्शनची माणसं
पासबुकानं वारा घेत बसलेली.
घाईनं सगळं एकदम ओतलं की अक्षरं सांडतात.
दहा ओळी. थांबायचं. पुन्हा दहा.
तापातून उठलेल्याला पेज भरवावी तसं.

उद्गारचिन्हामागे लिहिलेलं यंत्र वाचत नाही.
तिथे थोपटे होते:
! हा पोर्ट मोकळा दिसतो, मोकळा नाही
! इथे उंदीर. केबल वरून घेतली आहे
! रविवार पेठ असू द्या, लागेल
रविवार पेठेची शाखा उठली, आता तिथे चष्म्याचं दुकान.
राउटर तिला हाका मारत राहिला.

नाव आलं, पत्ते आले,
दिवा एकही नाही.
अर्धा तास केबल काढ, केबल घाल.
शेवटी फोन लावला. थोपटे सासवडला,
अंजिराला पाणी सोडत होते, मोटरीचा आवाज.
"अहो, बंद असलं की फाइल लिहिते, बंद.
उघडं असलं की काहीच लिहीत नाही.
प्रत्येक दाराला तोंडानं सांगा."
मग विचारलं, उंदीर आहे का अजून?

सांगितलं. उघड.
एक हिरवा. उघड. दुसरा.
चौदा नंबरच्या कोंडाबाई उठल्या,
गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

रात्री नवी फाइल केली. नावात फायनल घातलं नाही.
चुकलेले दोन पत्ते सुधारले,
रविवार पेठेवर बोट आलं, थांबलं,
मग पुढच्या ओळीला गेलं.
सगळ्यात वर, यंत्र वाचत नाही तिथे, लिहिलं:
! दारं हातानं उघडावी लागतात
! थोपटे, सासवड
आणि खाली त्यांचा नंबर.