सत्तेचाळीस सलगम

ड्रुसिला कीपिंगच्या अंगणात माती नाही.
खडक आहे, खडकावर शेवाळ,
शेवाळावर मीठ.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
फावडं मारलं की ठिणगी उडते.

म्हणून तिने वाफाच उचलून घेतला जमिनीवरून,
कमरेला जेमतेम लागेल इतका.
भावाची होडी सात वर्षं पालथी पडून होती,
तिच्या फळ्या एकेक सोडवल्या,
खिळे दगडावर ठेवून सरळ केले,
चार बाजू ठोकल्या.
एका फळीवर अजून हिरवा रंग आहे
आणि नावाची शेवटची दोन अक्षरं.
उरलेलं नाव आतल्या बाजूला,
मातीकडे तोंड करून.

माती म्हणाल तर ती बनवावी लागते.
तळाला समुद्राने फेकलेलं शेवाळ,
ओल्या चामड्याच्या पट्ट्यांसारखं.
त्यावर कॅपलिन, वीतभर मासे,
उन्हाळ्यात आपणहून वाळूवर येऊन लोळतात ते.
दोन बादल्या. वास तीन आठवडे.
शेजारच्या एबेनेझरने खिडक्या लावून घेतल्या.

बी मोहरीच्या कुळातलं, दिसतंही मोहरीच.
चिमूटभर टाकलं तर चिमूटभर उगवतं
आणि तिथेच पंचाईत होते.
चौघांतले तीन उपटायचे, एक ठेवायचा.
विरळणी करताना ती चष्मा काढते.
"नीट दिसलं तर हात होत नाही माझा."

शाळा बंद झाली तेव्हा बावीस घरं होती.
आता अकरा खिडक्यांत दिवा लागतो.
ती विरळणी कुणी केली, चष्मा काढून की लावून,
कुणी सांगितलं नाही.

दंव पडेपर्यंत सलगम काढायचा नाही.
आधी नुसता उग्र,
गारठा खाल्ला की गोड.
तिने मोजून ठेवले होते: सत्तेचाळीस.

नोव्हेंबरच्या पाचव्या रात्री टेकडीवर जाळ पेटतो
आणि पोरं लोकांच्या वाफ्यांतून भाजी पळवतात.
तिला चोरी म्हणत नाहीत इथे.
नऊ वर्षं कुणी काही नेलं नव्हतं.
न्यायला कुणी नव्हतंच.

यंदा फळी करकरली.
कुजबुज. मग शिंक,
मग शिंक दाबल्याचा आवाज.
ड्रुसिला अंधारात उभी,
बोट दिव्याच्या बटणावर.
तसंच राहिलं बोट.

सकाळी एकेचाळीस.
सहा खड्डे, पाला ओरबाडून तिथेच टाकलेला,
चिखलात बुटाचा ठसा, तिच्या तळव्याच्या निम्मा.
तिने एबेनेझरला फोन लावला,
पेढे वाटावेत तशा आवाजात म्हणाली,
"सहा गेले!"
"लेटिशिया परत आलीय आल्बर्टाहून," तो म्हणाला,
"दोघांना घेऊन. धाकटा अगदीच बुटका आहे."

दुपारी तिने खड्डे बुजवले नाहीत.
वाफ्याच्या कडेला
एक बादली पालथी घालून ठेवली,
पाय देता येईल अशी.
कॅपलिनचीच बादली.
वास अजून गेलेला नाही.