तीन मात्रा

गोरेगावात पिठाच्या गिरणीच्या वर आमचा स्टुडिओ.
गिरणी एक ते तीन बंद,
तेवढ्यातच सगळ्यांनी रडून घ्यायचं.

नाबरांनी लिहिलं होतं :
अजून तुझं पत्र उघडते रात्री.
पत्र? नेल्सन म्हणाला, सोळा वर्षांची पोर?
नाबरांनी बोटांवर मोजलं.
पत्र, मात्रा तीन. चॅट, मात्रा तीन.
खोडलं. चालीला कुठे धक्का नाही.
पेनाचं टोपण मात्र त्यांना बराच वेळ सापडेना.

उर्वी भांडुपहून आईसोबत आलेली,
दातांना तारा, ‘स’वर बारीक शिट्टी.
"पण काका, त्यानं तिला सोडलं का?"
"तिसऱ्या कडव्याला बजेट नव्हतं," नेल्सन.

एसी बंद. दहा टेक कोरडे ठणठणीत.
अकराव्याला ‘रात्री’वर आवाज चिरकला.
सॉरी, तार टोचली, ती म्हणाली.
काचेपलीकडून नेल्सनचा अंगठा वर : हाच!

आता ते रिक्षात, सलूनमध्ये, बारशालासुद्धा.
पोरी नेमक्या त्या जागी डोळे मिटतात.
हेडफोन लावून ऐका कधी,
हुंदक्याच्या तळाशी घरघर आहे :
तीनला दोन मिनिटं कमी, खाली पट्टा चढलाय,
कुणाची तरी पाच किलो ज्वारी.

नाबर चेक न्यायला आले.
म्हणाले, नुसता आवाज लाव रे एकदा.
मी लावला. ते तिच्यासोबत पुटपुटत होते,
अजून तुझं...
चॅट म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत.
त्यांचे मिटले.